थर्मोस्टॅटचा आकडा आणि घरची मिळकत

गेल्या जानेवारीत शिकागोजवळच्या एका स्नेह्यांकडे दुपारी सहज डोकावलो. दार आजोबांनी उघडले. अंगात स्वेटर, त्यावर कोट, कानाला मफलर. घरात चांगलाच गारठा होता. भिंतीवर पाहिले तर थर्मोस्टॅट ५८ वर! मुलाची नोकरी दिवाळीच्या सुमारास गेली होती. मुलगा-सून बाहेर पडले की आजोबा आकडा खाली आणत आणि ते परतायच्या आधी पुन्हा ६८ वर करून ठेवत. "अरे, साताऱ्याला कुठे होती हीट?" ते म्हणाले. "माझ्या एकट्यासाठी कशाला बिल वाढवायचे?"

घरात किती ऊर्जा जळणार हे थंडी-उन्हाळा ठरवतो असे आपण समजतो. पण ते मिळकतही ठरवते, आणि हे जगभर खरे आहे.

इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली ८६ देशांचा हिशेब प्रसिद्ध केला. आकडे २०११ सालचे होते. त्यात घरातली वीज आणि गॅस तर होताच, शिवाय गाडीचे इंधन, प्रवास आणि विकत घेतलेल्या वस्तू बनवायला लागलेली ऊर्जाही धरली होती. सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोकांच्या वाट्याला एकूण ऊर्जेपैकी सुमारे ३९ टक्के येते, तर सर्वांत गरीब दहा टक्के लोकांच्या वाट्याला जेमतेम २ टक्के. या देशात दोन पगारांवर घर चालवणारी आपली बहुतेक मंडळी वरच्या गटात बसतील, हे लक्षात असू द्यावे.

पण हा फरक सगळीकडे सारखा नाही. पैसा आला म्हणून कोणी दहापट भात शिजवत नाही की दहा वेळा आंघोळ करत नाही. त्यामुळे स्वयंपाक, गरम पाणी आणि हीट यांतली तफावत त्या मानाने कमी राहते. प्रवासात मात्र ती प्रचंड वाढते. गाडीचे इंधन वरचे दहा टक्के लोक खालच्या दहा टक्क्यांच्या १८७ पट वापरतात!

कमी वापर, जास्त ओझे

गरिबाचा वापर कमी असला तरी त्याला बिल जड जाते. साधे गणित करू. वर्षाला २४ हजार डॉलर मिळवणाऱ्या घराचे वीज-गॅसचे बिल २ हजार असेल, तर मिळकतीचे आठ टक्क्यांहून अधिक त्यातच गेले. १ लाख २० हजार मिळवणाऱ्या घराचे बिल ३ हजार आले, तरी ते अडीच टक्केच होते. प्रत्यक्षातही असेच आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबानुसार अल्प उत्पन्नाच्या घरांवर सरासरी ८.६ टक्के भार पडतो, इतरांवर ३ टक्के.

याची कारणे रोजच्या जगण्यातली आहेत. स्वस्त अपार्टमेंटच्या खिडक्यांतून वारा शिरतो. फ्रिज आणि फर्नेस जुने असतात. ते निवडतो घरमालक आणि बिल भरतो भाडेकरू. शिवाय बिलात दर महिन्याचा स्थिर आकार असतो, तो वापर कमी केला तरी कमी होत नाही.

महाराष्ट्रात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने चढतो, म्हणजे कमी वापरणाऱ्याला थोडा दिलासा मिळतो. येथील सरासरी घर महिन्याला सुमारे ९०० युनिट वापरते आणि बऱ्याच ठिकाणी दर सरसकट एकच असतो. कॅलिफोर्नियाने २०२४ साली वेगळा मार्ग काढला. मोठ्या खासगी वीज कंपन्यांच्या ग्राहकांचा स्थिर आकार मिळकतीनुसार ठरवला: बहुतेकांना महिन्याला सुमारे २४ डॉलर, अल्प उत्पन्नाच्या घरांना ६ किंवा १२ डॉलर.

प्रकृतीची किंमत

जुलै १९९५ मध्ये शिकागोत पारा १०६ अंशांवर गेला आणि त्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत एकटे राहणारे, गरीब वृद्ध फार होते. कोणाकडे ए.सी. नव्हता, कोणी बिलाच्या धाकाने तो लावत नव्हते, कोणी चोरांच्या भीतीने खिडक्याही उघडल्या नव्हत्या.

दुसरीकडे जगातील दोन अब्जांहून अधिक लोक अजून लाकूड, शेणी, कोळसा किंवा रॉकेलवर स्वयंपाक करतात. घरातल्या अशा धुरामुळे २०२० साली सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून कोट्यवधी घरांत गॅस पोचला. पण पुढचा सिलिंडर परवडला नाही की बाई पुन्हा चुलीकडे वळते. शेगडी मिळणे वेगळे आणि ती रोज पेटवणे परवडणे वेगळे.

आपण काय करावे?

१. घरात वृद्ध असतील तर हिवाळ्यात थर्मोस्टॅट ६८ च्या खाली नेऊ नये. ६० ते ६५ अंशांतही वृद्धांच्या शरीराचे तापमान धोकादायक पातळीवर उतरू शकते.

२. बिल झेपत नसेल तर थकण्याआधीच कंपनीला फोन करावा. वर्षाचे बिल बारा समान हप्त्यांत भरण्याची सोय अनेक कंपन्या देतात.

३. लाइहीप ही बिलासाठी मदत देणारी संघराज्य सरकारची योजना १९८१ पासूनची आहे. घराच्या फटी बुजवून देणारी वेदरायझेशन योजना १९७६ ची. पात्रता मिळकत, राज्य आणि इमिग्रेशनचा दर्जा यांवर ठरते. बहुतेक ठिकाणी २११ फिरवून चौकशी करता येते.

४. ज्यांचे बरे चालले आहे त्यांनी दिव्यांइतकेच लक्ष गाडीकडे द्यावे. मोठी बचत तिथेच होते.

आजोबांची गोष्ट मी त्यांच्या मुलाला सांगितली. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मी बिलाची काळजी त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते थंडी माझ्यापासून." त्याच आठवड्यात त्याने गॅस कंपनीला फोन करून हप्ते बांधून घेतले. आपल्या ओळखीतही असे एखादे घर असेल. पुढच्या वेळी गेलात की चहा घेता घेता थर्मोस्टॅटवरही एक नजर टाका.