दुकानाच्या दारातली शिरगणती

दुकान कसे चालले आहे हे पाहण्याची व्यापाऱ्याची परंपरागत जागा म्हणजे गल्ला. रात्री दुकान वाढवताना रक्कम कालच्यापेक्षा जास्त भरली की धंदा बरा, कमी भरली की मंदा. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका सुपरमार्केटात बारकोड वाचून च्युइंगमचे एक पाकीट विकले गेले आणि गल्ल्याच्या जोडीला तपशील आला. कोणता माल किती खपला, कोणत्या वेळी खपला, हे कळू लागले. मात्र बारकोड नोंद घेतो ती विकल्या गेलेल्या वस्तूची. आत येऊन, चार वस्तू हाताळून, काहीही न घेता परतलेल्या माणसाचा माग गल्ल्यातही राहत नाही आणि बिलातही नाही. मोठ्या दुकानांच्या दारावर आणि छतात बसवलेली मोजणीयंत्रे त्याच माणसाच्या शोधात असतात.

या मोजणीचे गणित साधे आहे. समजा, एका कापडाच्या दुकानात एका शनिवारी ४०० माणसे आली आणि ८० बिले झाली. म्हणजे शंभरांमागे वीस जणांनी खरेदी केली. पुढच्या आठवड्यात जाहिरात केली, ८०० माणसे आली आणि १०० बिले झाली. गल्ला पाहणारा मालक खूश होईल, कारण बिले वाढली. मोजणी पाहणाऱ्याच्या लक्षात येईल की खरेदीचे प्रमाण साडेबारा टक्क्यांवर घसरले आणि ७०० माणसे रिकाम्या हातांनी गेली. व्यवसायाच्या भाषेत आलेल्या माणसांना ‘फूटफॉल’ आणि खरेदीच्या प्रमाणाला ‘कन्व्हर्जन रेट’ म्हणतात. माणसे रिकामी का गेली, हे यंत्र सांगत नाही. हव्या मापाचे कपडे नसतील, बिलाची रांग लांब असेल किंवा विक्रेते अपुरे पडले असतील. पण तासागणिक आकडे मांडले, तर शोध कुठे घ्यायचा ते कळते. दुपारी दीडला गर्दी ऐन भरात आणि निम्मे कर्मचारी जेवायला गेलेले, अशी विसंगती गल्ला कधीच दाखवीत नाही.

यंत्रे येण्यापूर्वी हे काम माणसे करीत. पॅको अंडरहिल यांच्या न्यूयॉर्कमधील संस्थेचे निरीक्षक कागद-पेन्सिल घेऊन ग्राहकांच्या मागे अंतर राखून फिरत. दाराजवळच्या टायच्या मांडणीपाशी थांबलेल्या ग्राहकाला मागून येणाऱ्यांचे दोन-चार धक्के लागले की तो खरेदी सोडून निघून जातो, हे दारावर रोखलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रफिती पाहताना त्यांना दिसले. विक्रीच्या आकड्यांकडे कितीही वेळ पाहिले तरी हे उमगले नसते.

पहिली सर्रास वापरली गेलेली यंत्रे म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना बसवलेले अवरक्त किरणांचे संवेदक. किरण तुटला की एक माणूस मोजायचा. दोघे खांद्याला खांदा लावून आत आले तर एकच मोजला जाई, आणि दाराशी घुटमळणारा पहारेकरी पुन:पुन्हा मोजला जाई. पुढे छतातून खाली पाहणारे जोडकॅमेरे आले. दोन कोनांतून पाहून ते उंचीचा अंदाज घेतात, त्यामुळे मूल, प्रौढ आणि ट्रॉली यांत फरक करता येतो. आत येणारा आणि बाहेर जाणारा वेगळे ओळखता येतात.

यंत्र अचूक झाले तरी आकड्याचा अर्थ अचूक होतोच असे नाही. लग्नाचा शालू घ्यायला आई, मावशी, आत्या, नवरी आणि तिच्या मैत्रिणी अशा सात जणी येतात आणि बिल एकच होते. यंत्राच्या लेखी सहा जणी रिकाम्या परतल्या. एकट्या-दुकट्याने खरेदी करणाऱ्या ग्राहकावर बेतलेले मोजमाप आपल्याकडच्या खरेदीला जसेच्या तसे लावणे म्हणूनच धोक्याचे. आकड्यावर व्यवस्थापकाचा बोनस आणि विक्रेत्यांची संख्या ठरू लागली की हा प्रश्न हिशेबापुरता राहत नाही. जाहिरातीने बघ्यांची गर्दी लोटली तर प्रमाण पडणारच, आणि त्याचा दोष दुकानात दिवसभर उभ्या असलेल्या माणसावर येतो.

बघ्यांचे हे कोडे मुंबईला जुने आहे. १९९९मध्ये ताडदेवच्या परिसरात क्रॉसरोड्स हा मॉल सुरू झाला, तेव्हा नवलाई पाहायला इतकी झुंबड उडाली की काही काळ क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल फोन दाखवणाऱ्यास प्रवेश, इतरांना शुल्क, असा नियम करावा लागला. खरेदीचे प्रमाण वाढवण्यासाठी गिऱ्हाईकच कमी करण्याचा हा उपाय टीकेस पात्र ठरला, यात नवल नाही.

डोकी मोजण्यापर्यंत ग्राहकाची तक्रार असण्याचे कारण नाही. खरा पेच सुरू होतो तो माणूस मोजण्याकडून माणूस ओळखण्याकडे यंत्र वळते तेव्हा. खिशातला फोन वाय-फायच्या शोधात स्वत:चा विशिष्ट क्रमांक सतत प्रसारित करीत असे. तो टिपला की एकच माणूस किती वेळ थांबला, पुन्हा कधी आला, हे कळे. अमेरिकेतील नॉर्डस्ट्रॉम या दुकानसाखळीने २०१२च्या शरदात हा प्रयोग सुरू केला, तशी पाटीही लावली. पाटी वाचून ग्राहक अस्वस्थ झाले आणि मे २०१३मध्ये प्रयोग थांबला. नोमी टेक्नॉलॉजीज या कंपनीने २०१३च्या पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे ९० लाख फोनांची माहिती गोळा केली होती. दुकानातच नकार देण्याची सोय मिळेल, असे वचन देऊन ती न पुरवल्याबद्दल २०१५मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर कारवाई केली. तोवर ॲपलने २०१४मध्येच शोधाच्या वेळी बदलता, बनावट क्रमांक पाठवण्याची व्यवस्था आयफोनमध्ये आणली होती, आणि ही वाट बरीचशी बुजली.

चेहरा मात्र बदलता येत नाही. कॅनडातील कॅडिलॅक फेअरव्ह्यू या कंपनीच्या १२ मॉलमधील माहितीफलकांत छोटे कॅमेरे बसवलेले होते. कॅल्गरीतल्या एका फलकाच्या पडद्यावर २०१८मध्ये त्यांच्या प्रणालीची खिडकी उघडी राहिली आणि बिंग फुटले. वय आणि लिंग यांचा अंदाज घेण्यापुरतेच हे असून चित्रे लगेच पुसली जातात, असा कंपनीचा पवित्रा होता. ऑक्टोबर २०२०मध्ये तिथल्या गोपनीयता आयुक्तांनी दिलेल्या अहवालानुसार ५० लाखांहून अधिक चेहरे टिपले गेले होते, आणि चित्रे पुसली तरी त्यांपासून तयार केलेली अंकरूप माहिती दुसऱ्या कंपनीकडे साठून राहिली होती. दारावरच्या स्टिकरला संमती मानण्यास आयुक्तांनी नकार दिला.

भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि सूचना व संमतीविषयीच्या प्रमुख तरतुदींसाठी अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते तीच या कायद्याच्या कक्षेत येते. निव्वळ शिरगणती येत नाही. म्हणजे एकाच छतातले, बाहेरून सारखे दिसणारे दोन कॅमेरे कायद्याच्या दोन बाजूंना असू शकतात. दारावरची ‘आपण कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात’ ही पाटी त्यांतला कोणता कॅमेरा डोकी मोजतो आणि कोणता चेहरा वाचतो, हे सांगत नाही.