चर्चिल यांचें मूल्यमापन

इ. स. २०२० च्या जून महिन्यांत लंडन येथील पार्लमेंट स्क्वेअरमधील विन्स्टन चर्चिल यांच्या पुतळ्यावर, ते वंशद्वेष्टे होते असा आरोप रंगानें लिहिण्यांत आला. या पुरुषास थोर म्हणावें कीं नाहीं, हा वाद तेव्हांपासून अधिकच चिघळला आहे. हिंदी वाचकास हा वाद परका नाहीं. कारण आरोपपत्रांतील सर्वांत जड कलम आपल्याच देशाविषयींचें आहे.

तें कलम आधीं पाहूं. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला, तेथून येणारा तांदूळ बंद पडला, युद्धखर्चानें भाव भडकले, आणि १९४३ सालीं बंगालमध्यें भीषण दुष्काळ पडला. बळींची संख्या वीस ते तीस लाखांच्या घरांत धरली जाते. हा दुष्काळ एकट्या चर्चिल यांनीं घडविला असें म्हणणें न्यायाचें नाहीं. १९४४ च्या एप्रिलांत त्यांनीं रूझवेल्ट यांजकडे धान्यासाठीं जहाजें मागितलीं होतीं. तीं मिळालीं नाहींत. परंतु त्यापूर्वीं व्हाइसरॉय व भारतमंत्री अमेरी हे वारंवार धान्य मागत असतां लंडनच्या मंत्रिमंडळानें गरजेच्या मानानें फारच थोडें दिलें; आणि हिंदी लोकांविषयींचे चर्चिल यांचे तुच्छतेचे उद्गार अमेरी यांच्याच रोजनिशींत नमूद आहेत. हा डाग धुऊन निघण्यासारखा नाहीं.

आतां दुसरी बाजू. १९४० च्या मे महिन्याच्या अखेरीस फ्रान्स कोसळत होता व इंग्रज फौज डंकर्कच्या किनाऱ्यावर कोंडली गेली होती. इटलीच्या मध्यस्थीनें तहाच्या अटी काय मिळतात तें पाहावें, असें परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स यांचें मत होतें. हे हॅलिफॅक्स म्हणजे १९३१ सालीं गांधीजींशीं करार करणारे आपल्या परिचयाचे लॉर्ड आयर्विन! आणि तह नको, लढावयाचें, असें २८ मे रोजीं ठामपणें सांगणारे चर्चिल म्हणजे त्याच गांधीजींचा नग्न फकीर म्हणून उपहास करणारे गृहस्थ. मजूर पक्षाचे अॅटली व ग्रीनवुड यांनीं त्यांस पाठिंबा दिला. ४ जूनपर्यंत सुमारे ३,३८,००० सैनिक डंकर्कहून सुटून आले, आणि इंग्लंड युद्धांत उभें राहिलें. पुढें १९४४ सालीं फ्रान्सच्या मुक्ततेची मोहीम निघाली ती याच भूमीवरून.

सुज्ञ वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. सर्वांशीं बोलणीं करावीं, ही आयर्विन यांची सौजन्यबुद्धि दिल्लींत हितावह ठरली. हिटलरपुढें तीच घातक ठरली असती. कोणापुढेंही न नमण्याचा चर्चिल यांचा हट्ट हिंदुस्थानविषयीं आंधळा होता. युरोपांत तोच तारक ठरला. तेव्हां गुणांतून दोष वजा करून बाकी काढण्याची रीत येथें चालत नाहीं. बंगालच्या मृतांचें ऋण डंकर्कनें फिटत नाहीं, आणि बंगालमुळें १९४० चा तो निश्चय खोटा ठरत नाहीं. आधुनिक टीकाकार पहिलें बरोबर सांगतात. दुसरें ते विसरतात.

हा विवेक इंग्रज मतदारांस साधला होता. युरोपांतील युद्ध १९४५ च्या मे महिन्यांत संपलें आणि जुलैंत त्यांनीं चर्चिल यांस सत्तेवरून दूर केलें. त्यांच्या जागीं आलेल्या अॅटली यांच्याच कारकीर्दींत, १९४७ सालीं, आपणांस स्वातंत्र्य मिळालें. पुढें १९६५ च्या जानेवारींत त्याच जनतेनें चर्चिल यांस राजकीय इतमामानें निरोप दिला. राज्य करण्यास नको असलेला पुरुषही कृतज्ञतेस पात्र असूं शकतो, हें त्यांनीं जाणलें. आपणही आपली तक्रार न सोडतां तेवढें जाणण्यास हरकत नसावी.