आवाजाचे सांधे

मी कला शाखेचा विद्यार्थी. विजेशी माझा संबंध आला तो वडिलांच्या धंद्यामुळे. ते लग्नकार्याला स्पीकर भाड्याने देतात. गेल्या वर्षी एका लग्नात मोबाईलवरची मंगलाष्टके संपली, अक्षता पडल्या, आणि सी.डी.वरची सनई लागायच्या जागी नुसती खरखर ऐकू आली. यजमानांनी भाड्यातले पाचशे रुपये कापले. ते माझ्या परीक्षेच्या फीसाठी धरलेले होते.

दोष फिरत्या बटणाचा होता. अँप्लिफायरच्या मागच्या सॉकेटपासून पुढच्या बटणापर्यंत लांब तारा येतात. त्यांतला ध्वनीचा विद्युत्दाब जेमतेम एक-दोन व्होल्ट. शेजारच्या ट्रान्सफॉर्मरची ५० सायकलची गुणगुण त्यात सहज मिसळते. शिवाय बटणाचे पॉइंट उघडे, धुळीने काळे पडणारे.

चांगल्या हाय-फाय संचात यावर रिले योजतात. स्टेशनवर केबिनमधला माणूस दांडा ओढतो आणि दूरवर रुळांचे सांधे बदलतात, तसेच हे. रिलेच्या आत तारेचे वेटोळे असते. त्यात वीज सोडली की ते लोहचुंबक बनते, पट्टी ओढते आणि पॉइंट जुळतात. अमेरिकेचे जोसेफ हेन्री यांनी १८३५ मध्ये ही युक्ती वापरली. पुढे तारायंत्राने ती जगभर नेली.

मी प्रत्येक सॉकेटजोडीला लागूनच एक रिले बसवला. त्यात पॉइंटचे दोन संच असतात, एक डाव्या आवाजाचा व एक उजव्याचा. पुढच्या बटणापर्यंत आता फक्त १२ व्होल्टची डी.सी. जाते, तिला गुणगुण लागली तरी ऐकतो कोण?

रिले मात्र पारखून घ्यावा. बाजारात पंपासाठी मिळणारा दहा अँपिअरचा रिले स्वस्त पडतो, पण त्याच्या पॉइंटवरचा गंज तोडायला मोठा प्रवाह लागतो. ध्वनीचा प्रवाह त्यापुढे मुंगीएवढा. म्हणून बंदिस्त, सोन्याचा मुलामा दिलेल्या पॉइंटचा लहान सिग्नल रिले घ्यावा. त्याला सुमारे ४० मिलिअँपिअर पुरतात.

वेटोळ्याची वीज तोडताच त्यात क्षणभर उलटा, मोठा दाब उसळतो. बटणावर ठिणगी उडते आणि स्पीकरमध्ये 'फट्' होते. तो जिरवण्यासाठी वेटोळ्यावर डायोड उलटा जोडतात, पट्ट्याची बाजू धन टोकाला. मी पहिल्यांदा तो सुलट जोडला. १२ व्होल्टचा अडॅप्टर गरम होऊन गेला, आणि वडील दोन दिवस काही बोलले नाहीत.

वडिलांना वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक रिलेबरोबर एक किलो-ओहमच्या रोधातून रंगीत दिवा लावला आहे : मोबाईलला हिरवा, सी.डी.ला लाल, रेडिओला पिवळा. तुळशीचे लग्न झाल्यावर पेटी बाहेर काढली. लाल दिवा लागताना 'टक्' एवढाच आवाज होतो, तोही पेटीला कान लावला तर.