मेंदूतल्या साखरेचा हिशेब

ऑगस्ट १९७६. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील ब्रूकहेवन प्रयोगशाळेतून एक कुपी विमानाने फिलाडेल्फियाला निघाली. तीत एफडीजी होते, म्हणजे फ्लोरिन-१८ चा अणू जोडलेली साखर. दर ११० मिनिटांनी तिची किरणोत्सारिता निम्मी होत होती, त्यामुळे वाटेत खोळंबून चालणार नव्हते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अबास अलावी यांनी ती दोन निरोगी स्वयंसेवकांना टोचली आणि जिवंत माणसाच्या मेंदूत ही साखर कुठे साठते, याचे पहिले चित्र उमटले.

'कुठे' कळले. मिनिटाला 'किती', हे चित्र सांगत नाही. आज याच साखरेने काढलेल्या पेट स्कॅनच्या रंगांवर सगळ्यांची नजर खिळते आणि हा प्रश्न मागे पडतो, याचे मला वाईट वाटते.

या 'किती'चे गणित अमेरिकेतल्याच बेथेस्डा इथे लुई सोकोलॉफ यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून बसवले आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध केले. जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. रक्त ही ओसरी, मेंदूतला पेशीसमूह हे माजघर, आणि माजघराच्या भिंतीत बळद. साखर ओसरीवरून माजघरात येते. काही आल्या पावली परतते. उरलेलीला हेक्झोकायनेज हे विकर फॉस्फेट चिकटवते. साधी साखर तिथून पुढे जाऊन जळते. एफडीजीला पुढची वाट नाही. ते बळदात अडकते. स्कॅनरला मात्र वाड्यातला सगळा माल एकत्रच दिसतो. येण्याचा, परतण्याचा आणि बळदात पडण्याचा वेग निरनिराळा काढायचा, तर टोचल्या क्षणापासून सलग नोंद हवी, आणि त्या त्या वेळी ओसरीवर किती माल होता हेही कळायला हवे.

म्हणून मनगटाच्या धमनीत नळी. सुरुवातीला दर काही सेकंदांनी रक्ताचा एकेक नमुना, प्रत्येक नमुन्यावर वेळ. मग ते रक्त यंत्रात फिरवून प्लाझ्मा, म्हणजे त्यातला द्रव भाग, वेगळा करायचा आणि त्यातली किरणोत्सारिता मोजायची. रक्त घेणाऱ्याचे आणि स्कॅनरचे घड्याळ जुळले नाही, तर सुरुवातीचे सगळे बिंदू सरकतात. १९८३ मध्ये क्लिफर्ड पॅटलॅक यांनी हे गणित आलेखावरच्या एका सरळ रेषेच्या उतारावर आणले, पण रक्त त्यालाही लागतेच.

रुग्णालयात एवढे करत नाहीत. तासाभराने एक चित्र काढायचे आणि दिलेला डोस व रुग्णाचे वजन यांच्या मानाने आकडा काढायचा. त्याला एसयूव्ही म्हणतात. कर्करोगाच्या रोजच्या कामाला तो उपयोगी पडतो, आणि प्रत्येक रुग्णाच्या धमनीत नळी घाला असे मीही म्हणणार नाही. संशोधनात मात्र माजघर आणि बळद एकाच आकड्यात मिसळलेले चालत नाही.

एवढे सांभाळूनही एक भाजक उरतो. एफडीजी ही खरी साखर नव्हे. पेशी दोघींना सारखे वागवत नाही. तो फरक भरून काढायला शेवटी एका स्थिरांकाने भागावे लागते. मायकेल फेल्प्स आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये माणसाच्या मेंदूसाठी तो ०.४२ धरला. २००२ मध्ये मायकेल ग्रॅहम यांच्या गटाला तो ०.८९ मिळाला. तोच स्कॅन, तेच रक्त. पहिल्याऐवजी दुसरा भाजक घेतला की मेंदूच्या साखरेचा आकडा निम्म्याखाली येतो. चित्रातला एक ठिपकाही जागचा हलत नाही.