ओठाच्या वर, नाकाच्या खाली

श्वास आत येतोय, तर आत येतोय एवढं जाणायचं. बाहेर जातोय, तर बाहेर जातोय एवढं. लांब आला तर लांब, आखूड आला तर आखूड. तो ओढायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही. त्याच्या जोडीला मंत्र नको, देवाचं रूप नको, ज्योत नको. आनापानाचं काम सांगून व्हायला मिनिटही लागत नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीवर तेवढंच काम साडेतीन दिवस करून घेतात. तिथल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा तो पाया.

हे शिक्षण आपल्याकडे परत आलं ते ब्रह्मदेशातून. सत्यनारायण गोयंका यांचा जन्म 1924 साली मंडालेतल्या एका मारवाडी व्यापारी घरात झाला. असह्य डोकेदुखीनं बेजार होऊन ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. सयाजी म्हणजे कुणी मठाधिपती नव्हेत. ते संसारी गृहस्थ आणि त्या देशाचे महालेखापाल होते. 1969 मध्ये गोयंकाजी भारतात आले, त्याच वर्षी मुंबईत पहिलं शिबिर भरवलं, आणि 1976 पासून इगतपुरीच्या डोंगरपायथ्याशी शिबिरं सुरू झाली. 2013 मध्ये ते गेले. सूचना मात्र आजही त्यांच्याच आवाजात, ध्वनिमुद्रणावरून ऐकवल्या जातात.

पहाटे चारला घंटा. साडेचार ते साडेसहा बैठक, मग नाश्ता. अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा, चुरमुरे, एखादं फळ. सातला गोयंकाजींचं प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. मधल्या सगळ्या बैठका जोडल्या तर दिवसाला साडेदहा तासांच्या वर बसणं होतं. फोन पहिल्याच दिवशी जमा होतो. वही-पेन, पुस्तक, जपमाळ, काहीच जवळ ठेवायचं नाही. बोलणं बंद, खाणाखुणाही बंद. याला आर्य मौन म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा जाच वाटतो. आत बसल्यावर माझं मत पक्कं झालं की यातलं काहीही काढून टाकता येणार नाही. एक गप्पांचा अर्धा तास दिला, तर पुढच्या चार बैठका त्या गप्पाच डोक्यात चालू राहतील.

पहिल्या दिवशी अख्खा हॉल मनाशी झगडत असतो. दोन श्वास, फार तर तीन, आणि मन पसार. गॅस बंद केला होता का, मुलीची फी, दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लग्नात काढलेले उद्गार. मन भटकलं हे ध्यानात आलं की चिडायचं नाही, खंतावायचं नाही, पुन्हा श्वासाकडे यायचं. ही परत येण्याची क्रिया हीच साधना, हे तिथं वारंवार सांगतात, आणि ते अक्षरशः खरं आहे. भटकणं थांबावं म्हणून जो जोर लावतो, तो दुपारपर्यंत डोकं धरून बसतो. जो निमूटपणे परत येत राहतो, त्याचे परतीचे हेलपाटे हळूहळू जवळच्या अंतराचे होतात. शरीर वेगळंच गाऱ्हाणं मांडत असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आसनांकडे पाहिलं तर गुडघ्यांखाली, मांड्यांखाली उशांच्या राशी रचलेल्या दिसतात.

दुसऱ्या दिवशी काम बारीक होतं. आता श्वास आला-गेला एवढ्यावर भागत नाही. तो शिवतो कुठं ते पाहायचं. नाकपुडीच्या आतल्या भिंतीला, कडेला, की वरच्या ओठाच्या वर? उजव्या नाकपुडीतून येतोय, डाव्या, की दोन्ही? कधी एकच नाकपुडी वाहती असते आणि दुसरी बुजल्यासारखी. सर्दी नसतानाही हे घडतं. काही तासांच्या फेऱ्यानं नाकपुड्या आलटून पालटून मोकळ्या होतात, हे शरीरशास्त्र सांगतं. हठयोगी त्यालाच चंद्र आणि सूर्य स्वर म्हणत आले. आनापानात मात्र यातला कुठला स्वर चांगला, कुठला वाईट हा प्रश्नच नाही. जो वाहतोय, तो.

दुपारी सहायक आचार्य चार-पाच साधकांना समोर बोलावतात. हलक्या आवाजात विचारतात, ‘स्पर्श कळतोय? कुठं कळतोय?’ उत्तर दोन शब्दांत द्यायचं. मग सगळ्यांना डोळे मिटायला सांगून दोन-चार मिनिटं ते स्वतःही तिथंच ध्यानाला बसतात. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘काहीच कळत नाही.’ त्यावर उपाय सांगितला तो असा: श्वास फार सूक्ष्म होऊन हरवला, तर थोडे श्वास मुद्दाम जरा जोरात घ्या, स्पर्श सापडला की जोर सोडून द्या, आणि पुन्हा नैसर्गिक श्वासावर या. जाणूनबुजून श्वास घ्यायला दिलेली सूट एवढीच.

या कारागिरीचा दाखला बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्गा’त, म्हणजे पाचव्या शतकातल्या ग्रंथात आहे. लाकूड कापणारा माणूस करवतीचे दात जिथं लाकडाला भिडतात तिथंच लक्ष ठेवतो. दात पुढं येतात, मागं जातात, तो त्यांच्यामागं धावत नाही. तरी ते येतात-जातात हे त्याला ठाऊक असतं, आणि लाकूड कापलं जातं. श्वासामागं फुप्फुसात उतरायचं नाही, बाहेरच्या हवेतही जायचं नाही. जिथं तो घासतो तिथं थांबायचं. लांब नाकाच्या माणसाला हा स्पर्श नाकाच्या टोकाशी कळतो आणि आखूड नाकाच्या माणसाला वरच्या ओठावर, असंही त्याच ग्रंथात नोंदलेलं आहे. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी एवढं जवळून पाहिलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तिसऱ्या दिवशी नाक आणि वरचा ओठ एवढ्या त्रिकोणात जे जे होईल ते जाणायचं असतं. येणारी हवा गार, जाणारी कोमट. मग खाज, मुंग्या, धडधड, कोरडेपणा, घाम फुटल्याचा ओलावा. रात्रीपर्यंत ती जागाही आक्रसते. नाकपुड्यांच्या खाली आणि ओठाच्या वर, बोटाच्या पेरानं झाकली जाईल एवढीच उरते. याच टप्प्यावर मला या साधनेचं मर्म दिसलं. संध्याकाळच्या बैठकीत घरातल्या एका जुन्या वादाची आठवण वर आली. राग आलाय हे मनाला कळायच्या आधी ओठावरचा श्वास बदलला होता: आखूड, खरखरीत, आणि नेहमीपेक्षा गरम. मी तो तसाच पाहत राहिले. आठवण गेली नाही, पण तिचं बोट धरून पुढं जी भांडणाची मालिका चालू व्हायची, ती झाली नाही. काही वेळानं श्वास आपसूक लांबला. विकार उठला की श्वास बिघडतो, हे सूत्र प्रवचनात ऐकणं वेगळं आणि वरच्या ओठावर पकडणं वेगळं.

यासाठी श्वासच का निवडला असेल? हृदयाचे ठोके आपल्या हुकमात नाहीत. हात उचलणं पूर्णपणे हुकमात आहे. श्वास दोन्हीकडचा. झोपेत मेंदूच्या बुंध्यातलं केंद्र तो चालवतं, आणि जागेपणी मनात आलं तर आपणही चालवू शकतो. आपल्या नाथ आणि योग परंपरेत अजपाजपाचा, म्हणजे श्वासागणिक आपोआप होणाऱ्या जपाचा, हिशेब दिवसाला 21,600 श्वासांचा सांगतात. मिनिटाला पंधरा झाले. आजचे डॉक्टर स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसासाठी बारा ते वीस सांगतात. म्हणजे जुन्या लोकांनी आकडा हवेत सोडलेला नव्हता.

प्राणायाम आणि आनापान यांची गल्लत मात्र करू नये. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांना प्रयोगशाळेत नेलं. पूरक, कुंभक, रेचक यांचं प्रमाण ठरवून श्वासाला वळण लावणं हे ते शास्त्र, आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण तिथं श्वासाला वळवायचं असतं, इथं तो आहे तसा पाहायचा असतो. दोन्ही एकाच बैठकीत मिसळली की पाहणारा गुपचूप चालवणारा होऊन बसतो. आनापान शिकताना प्राणायाम बाजूला ठेवायला सांगतात ते याच कारणानं, आणि योग्यच सांगतात.

हल्ली श्वासाच्या नावाखाली फोनवर पाच मिनिटांची शांतता मिळते. दमलेल्या माणसाला तीही उपयोगाची आहे. पण मनाची सवय त्यानं बदलेल, असं मला वाटत नाही. चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात आणि लक्ष अख्ख्या शरीरावरून फिरवायला सांगतात. तेव्हा त्वचेवरची बारीक संवेदनाही हाताला लागते, ती आधीचे साडेतीन दिवस एका पेराएवढ्या जागेवर घासले म्हणूनच.

कुणाला जायचं असेल तर दहा दिवस पूर्ण देता येतील तेव्हाच नाव नोंदवा. मधून उठून येणं स्वतःला आणि इतरांनाही त्रासाचं. राहण्या-जेवण्याचे आणि शिकवण्याचे पैसे घेत नाहीत. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर केंद्र चालतं, म्हणून काही द्यायचं असेल तर ते शिबिर संपल्यावरच. अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधांबद्दल विचारलेलं असतं. तिथं काहीही लपवू नका, आणि गंभीर आजार असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. मुलांसाठी आनापानाची छोटी शिबिरं वेगळी असतात. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाच्या ‘मित्र’ उपक्रमातूनही शाळांमध्ये हेच आनापान शिकवलं गेलं आहे. तुमच्या मुलांच्या शाळेत ते होतं का, याची एकदा मुख्याध्यापकांकडे चौकशी करा.