घरातील वायफाय विहिरीपर्यंत नेताना

घरी इंटरनेटची जोडणी आहे, परंतु विहिरीवर मोबाइलला रेंज नाही, अशी स्थिती पुष्कळ मळ्यांवर आढळते. पंपाचे स्वयंचलित नियंत्रण, कॅमेरा किंवा ओलावामापक तेथे चालवावयाचा असल्यास घराबाहेर अँटेना बसविणे हा सोयीचा उपाय होय. मात्र त्याची उंची पिकाकडे पाहून ठरविली पाहिजे.

अँटेना शक्ती निर्माण करीत नाही. पाटाचे पाणी सर्व वाफ्यांत एकदम न सोडता एकाच सरीत सोडले असता लांबवर जाते; तद्वत एकदिशा अँटेना राउटरची शक्ती एकीकडे एकवटतो. विहिरीवरील यंत्राचा संदेश परतही यावयाचा असल्याने एक अँटेना घरावर व दुसरा पंपघरावर, असे समोरासमोर बसवावेत. पंपघरातील अँटेनास लहान राउटर जोडावा.

या कामी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ५ गिगाहर्ट्झपेक्षा झाडोऱ्यातून बऱ्या जातात. तरी पानांतील पाणी त्यांना शोषून घेतेच. त्यामुळे लागणीच्या वेळी उत्तम चालणारी जोडणी ऊस वाढताच बंद पडते आणि दोष यंत्राला दिला जातो. नुसती नजर पोहोचणे पुरेसे नाही. अंतर १,००० फूट असल्यास मध्यावर नजरेच्या रेषेखालीही सुमारे ६ फूट जागा मोकळी लागते. ऊस १२ फूट वाढणार असेल, तर दोन्ही अँटेना जमिनीपासून निदान १८ फूट उंच असावेत.

राउटरपासून अँटेनापर्यंत बारीक केबल लांब नेऊ नये. काही मीटरांतच निम्मी शक्ती वाया जाते. राउटर व अँटेना एकत्र असलेली, उघड्यावर टिकणारी पेटी घ्यावी. तिला नेटवर्क केबलमधूनच वीज मिळते व ती केबल १०० मीटरपर्यंत चालते.

खांब विजेच्या तारांपासून दूर रोवावा व त्यास अर्थिंग द्यावे. वळिवाचे ढग दिसताच घरातील जोडणी काढून ठेवावी. गडगडाट सुरू झाल्यावर खांबास वा केबलीस हात लावू नये.

भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यास २००५ पासून परवाना लागत नाही. तथापि अँटेनासह शक्ती ४ वॅटच्या मर्यादेत ठेवणे बंधनकारक आहे. शेतकरी बंधूंनी खरेदीपूर्वी घराच्या छपरावरून पंपघर दिसते काय आणि मधल्या रानात पुढील हंगामात कोणते पीक उभे राहील, हे आधी पाहावे.