मध्यम खेळास गुण किती द्यावे?

उत्तम खेळाची स्तुति करणें सोपें असतें आणि अगदींच टाकाऊ खेळाची निंदा करणें त्याहूनहि सोपें. परीक्षकाची खरी कसोटी लागते ती मधल्या प्रतीच्या खेळाच्या वेळीं. तुळजापूर, परंडा किंवा उमरगा येथील एखादा विद्यार्थी सांठविलेल्या पैशांतून व्हिडिओ गेम विकत घेण्यापूर्वीं त्याचें परीक्षण वाचतो, तेव्हां त्याची नजर प्रथम शेवटच्या आंकड्यावर जाते. दहापैकीं सात! आपल्याकडे शालान्त परीक्षेंत 35 गुणांस विद्यार्थी उत्तीर्ण होतो व 60 गुणांस पहिला वर्ग मिळतो. तेव्हां सात म्हणजे भक्कम पहिला वर्ग, असें त्यास वाटल्यास नवल नाहीं. परंतु खेळांच्या जगांतील शाळा निराळी आहे. तेथें एक ते पांच हे गुण क्वचितच कोणाच्या वांट्यास येतात, आणि सात याचा अर्थ पुष्कळदां ‘बेताचा’ एवढाच होतो. मेटाक्रिटिक हें 2001 सालीं सुरू झालेलें संकेतस्थळ निरनिराळ्या परीक्षकांच्या गुणांची सरासरी काढतें. तेथें चित्रपटास 61 गुण पडले कीं अनुकूल मताचा हिरवा रंग लाभतो. खेळास मात्र त्याच रंगासाठीं 75 गुण लागतात.

या आंकड्यांचा घाव कोठवर पोहोंचतो, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ हा खेळ 2010 सालीं निघाला. सरासरी 85 झाल्यास तो रचणाऱ्या ऑब्सिडियन या अमेरिकन मंडळीस अधिक मोबदला मिळावयाचा होता. सरासरी आली 84. एका गुणानें तो मोबदला हुकला, हें 2012 सालीं त्या मंडळींतील एका प्रमुखानेंच सांगितलें.

जपानांतील फामित्सु या नियतकालिकाची रीत अधिक बोलकी आहे. तेथें चार परीक्षक प्रत्येकीं दहांतून गुण देतात व बेरीज चाळिसांतून होते. आतां 28 ही बेरीज चार सातांनीं होते, तशीच दहा, नऊ, पांच आणि चार यांनींहि होते. पहिला खेळ कोणासच फारसा आवडलेला नाहीं. दुसरा दोघांस मनापासून आवडला आणि दोघांस मुळींच रुचला नाहीं. सरासरींत हे दोन्ही खेळ सारखेच दिसतात! इंग्लंडांतील युरोगेमरनें तर 2015 सालीं गुण देणेंच सोडलें होतें. 2023 सालीं पांच ताऱ्यांच्या रूपानें तें पुन्हां सुरू झालें.

महाराष्ट्रांतील हौशी परीक्षकास ही अडचण घरच्याच खेळानें दाखवून दिली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीनें ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ रचिला. लोकवर्गणीचा 2017 सालचा प्रयत्न अपुरा पडला. तरी 2020 सालीं खेळ बाहेर आला व त्याच वर्षीं पदार्पणाच्या खेळांसाठीं असलेल्या एका जागतिक पारितोषिकाच्या यादींत त्याचें नांव लागलें. कसरती करणारी राजी असुरांनीं पळविलेल्या आपल्या भावाच्या, गोलूच्या, शोधार्थ निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. राजस्थानी धर्तीचे वाडे, भिंतींवरील चित्रें, छायाबाहुल्यांतून सांगितलेल्या कथा, यांची बहुतेकांनीं वाखाणणी केली. परंतु युद्धांत तोचतोपणा आहे, कथा चार-पांच तासांत आटोपते व शेवट तुटक वाटतो, असेंहि अनेकांनीं लिहिलें.

महिषासुरमर्दिनी भवानीच्या छायेंत वाढलेल्या धाराशिवच्या मुलास पडद्यावर त्रिशूळ देणारी दुर्गा दिसली, तर त्याचें मन भरून येईल, आणि तें यावेंच. पण बोटें बटनांवर असतांना राजीची उडी वेळेवर पडते कीं नाहीं, हा प्रश्न निराळा आहे. अभिमानाचे दोन गुण युद्धाच्या खात्यांत जमा केले, तर पैसे मोजून फसणारा वाचक पुढच्या मराठी मंडळीच्या खेळाकडे वळणारच नाहीं. उलट, परदेशी खेळांशीं तुलना करून नाक मुरडणें हीहि एक ऐटच होय. शेंकडों कारागीरांच्या खेळाशीं मूठभर माणसांच्या खेळाची पैज लावण्यांत न्याय कसला?

यास्तव हौशी परीक्षकानें आंकडा द्यावयाचाच असेल तर तो शेवटीं द्यावा. तत्पूर्वीं किती तास खेळला, पुरा केला कीं अर्ध्यावर टाकला, कोणत्या यंत्रावर खेळला, आणि खेळ विकत घेतला कीं फुकट मिळाला, हें लिहावें. स्टीम या दुकानांत ग्राहकास केवळ ‘घ्यावा’ किंवा ‘घेऊं नये’ एवढेंच मत देतां येतें. परंतु त्याच्या मताशेजारीं तो किती तास खेळला हेंहि छापलेलें असतें. बारा मिनिटें खेळून दिलेला कौल आणि बारा तास खेळून दिलेला कौल वाचकास तेथें वेगळे ओळखतां येतात. त्याच दुकानीं खरेदीपासून चौदा दिवसांच्या आंत, आणि दोन तासांहून कमी खेळला असल्यास, खेळ परत करून पैसे मागतां येतात. ‘राजी’सारख्या खेळांत एवढ्या वेळांत जवळजवळ निम्मा मार्ग कापून होतो, तेव्हां पहिल्या तासांतील चित्रांनीं भुललेल्यानें तिसऱ्या तासांतील लढाई कशी आहे, हें कोणा खेळलेल्याकडूनच ऐकावें लागतें.